बाटलीत साखर एकच चमचा

अहो,

आज लिहाले बसली, कारण आज संध्याकाळी तुमच्या शेवटच्या बादलीतली पहिली बाटली उघडली. कशी निघाली ते इतक्यात सांगणार नाही. तुमाले कधी धीरच नव्हता. बाटल्या भरून चार दिवस झाले नाहीत की "एक उघडून पाहू का शोभा?" म्हणून मागे लागायचे, आणि मग ते गोड पाणी पिऊन तोंड वाकडं करायचे. आता जरा थांबा. सगळं नीट पहिल्यापासून सांगते, आणि मध्ये बोलू नका.

पत्र मी बोलते तसंच लिहून राहिली. आपला नितीन पुण्याहून आलेला आहे ना, तो म्हणे, "आई, लिखना ही है तो थोडं शुद्ध लिही." म्हटलं, शुद्ध लिहिलं तर तुझ्या बाबाले वाटेल बँकेचं पत्र आलं, आणि न वाचताच टेबलाच्या खणात टाकून देतील. खोटं बोलली का मी?

तुमचं हे खूळ सुरू कुठून झालं, आठवते? तुमी स्टील प्लांटमधून रिटायर झाले, सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आपण स्मृति नगरच्या घरी आलो, आणि त्याच वर्षी पुण्याले नितीनकडे गेलो. त्यानं आपल्याले एका मोठ्या हॉटेलात जेवाले नेलं. तिथं काचेमागे चकचकीत टाक्या, आणि हॉटेलवाले तिथंच बियर बनवत होते. माझं पनीर थंड झालं, तुमचं कोंबडं थंड झालं, आणि तुमी काचेले नाक लावून उभे. वाढणाऱ्या पोट्ट्याले विचारून राहिले, "टेंपरेचर किती ठेवता? थंड कशानं करता?" तो बिचारा मेनू दाखवून राहिला. परत येताना गाडीत तुमी म्हटलं, "शोभा, हे तर आपल्या प्लांटमधल्या शॉपसारखंच आहे. फक्त आंग भाजत नाही."

मी हसली, पण मनात म्हटलं, चला, काहीतरी मिळालं ह्या माणसाले. सारा जन्म भट्टीसमोर काढला होता तुमी. रिटायर झाल्यावरही सकाळी प्लांटचा भोंगा वाजला की उठून बसायचे, आणि मग कुठं जायचं नाही हे आठवून पुन्हा आडवे व्हायचे. ते मले पाहवत नव्हतं. तुमाले कधी बोलली नाही, आज बोलून राहिली.

म्हणून घरात ती पांढरी बादली आली, नळी आली, थर्मामीटर आलं, कुरियरनं जवाच्या माल्टचं पोतं आलं, तेव्हा मी चूप राहिली. त्याच्याआधी बासरी झाली होती, बोन्साय झाले होते. म्हटलं हेही चार दिवसांचं. पण तुमी माल्ट शिजवाले माझा मोठा गंज उचलला, तेव्हा मात्र मी दारात आडवी झाली. महालक्ष्म्यांच्या आंबिलीचा गंज तो! त्याच्यात बियर शिजवणार? तर तुमी काय म्हणावं? "अगं, आंबील तरी काय आहे? धान्य भिजवायचं, आंबवायचं, शिजवायचं. फक्त क्रम इकडचा तिकडे." मी दोन दिवस बोलली नाही तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी तुमी दुर्गच्या बाजारातून स्वतःचा गंज घेऊन आले, माझ्याहून मोठा. दुकानदाराले सांगतलं म्हणे, घरी लग्न आहे.

मग दर थंडीत आपल्या स्वयंपाकघराचा प्लांट होऊन जायचा. उन्हाळ्यात भिलाईत बियर आंबत नाही, सडते, हे तुमी एका मे महिन्यात शिकले होते. तो वास आठवते का? साहू भाभींनी भिंतीपलीकडून विचारलं होतं, "दीदी, उंदीर मेला का हो तुमच्याकडे?" तेव्हापासून दिवाळी झाली की तुमचं सुरू. दळलेला माल्ट गरम पाण्यात टाकला की तुमच्या भट्टीच्या भाषेत "चार्जिंग झालं". बादलीतून बाटल्या भरल्या की "आज टॅपिंग आहे, कोणी आत येऊ नका". आत येणारी मी एकटी. मले भाजीले गॅस पाहिजे असायचा आणि तुमी घंटाभर त्या गंजासमोर, हातात ढवळाचा सराटा, डोळ्यावर चश्मा वाफेनं पांढरा.

आणि बोलायचे किती! मी पोळ्या लाटून राहिली, आणि तुमी सांगून राहिले की पाणी जास्त गरम झालं तर असं होते, कमी राहिलं तर तसं होते, आणि ते हॉप्सचं कडू फूल शेवटी टाकलं तर नुसता वास येते. यीस्ट म्हणजे काय हे समजवाले तुमी अर्धा घंटा लावला होता. मी म्हटलं, विरजण म्हणा ना सरळ. तुमी असे पाहात राहिले माझ्याकडे, जसं मी तुमचं प्रमोशन दुसऱ्याले दिलं. पण दुसऱ्या दिवशी तुमच्या शॉपमधल्या मेश्राम भाऊजींले फोनवर सांगताना मी ऐकलं, "अरे, यीस्ट म्हणजे विरजण समज." माझं नाव घेतलं नाही.

माझी संत्र्याची सालं तर तुमी चोरलीच. माझी बहीण नलूताई दर वर्षी नागपूरहून संत्री पाठवते, मी सालं गच्चीवर वाळवते, उटण्यासाठी. एका सकाळी सूप रिकामं. मले वाटलं माकडं आली. माकड घरातलंच निघालं. गंजात साल टाकून, वरून माझ्याच डब्यातले धने कुटून टाकून म्हणता कसे, "परदेशात असंच करतात." म्हटलं, परदेशात बायकोले विचारून घेतात. तुमी हसले. पण त्या वर्षी मेश्राम भाऊजी म्हटले की ही आजपर्यंतची सगळ्यात चांगली, आणि मग दर वर्षी तुमी नलूताईले संत्र्यासाठी माझ्याआधी फोन करू लागले. ती मले विचारे, "जावईबापू इतकी संत्री कायले खातात गं?"

आणि ते थालीपीठ! पाणी काढून घेतल्यावर उरलेला उकडलेला जव तुमाले फेकवत नव्हता. माझ्या भजनमंडळाच्या बायका यायच्या होत्या, तुमी गुपचूप माझ्या भिजवलेल्या पिठात तो मिसळून दिला. बायकांनी बोटं चाटून खाल्ली. तुमी दारातून मले डोळ्यांनी खुणावत होते, आणि मी तशीच समजून चुकली. सगळ्या गेल्यावर मी लाटणं घेऊन मागे लागली तर म्हणता, "अगं, त्यात नशेचं काहीच नसते, नुसता जव आहे." मग आधी सांगतलं कावून नाही? अजूनही त्या मले रेसिपी मागून राहिल्या आहेत. काय सांगू मी त्यांले?

आता ती संक्रांतीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

पहिलीच थंडी होती. बाटल्या भरायच्या होत्या, आणि तुमचे दोन्ही हात नळीत अडकले होते. तुमी म्हटलं, "शोभा, प्रत्येक बाटलीत लहान चमच्यानं एक चमचा साखर टाक. एकच." मी टाकली. पण माझा हात एकावर थांबते का? आईनं लहानपणापासून शिकवलं, कोणाले एकदाच वाढायचं नाही. पोळी असो, भात असो, वरून थोडं तरी वाढायचं. एकदा वाढतात ते गेलेल्या माणसाच्या पानावर. तर माझ्या हातानं आपोआप एक चमचा टाकला, आणि वरून थोडी. प्रत्येक बाटलीत. मले तर ते समजलंही नाही.

आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाले बैठकीत कॉलनीच्या बायका बसल्या असताना कोठीच्या खोलीत पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग एकामागून एक. एक बाई तर तिळगूळ हातात धरून बाहेर पळाली, तिले वाटलं सिलेंडर. कोठीच्या दाराखालून फेस वाहत बैठकीत आला. साहू भाभी विचारून राहिल्या, "का फूटिस ओ दीदी?" आणि मी वाणाच्या वाट्या हातात घेऊन म्हटलं, "लोणच्याच्या बरण्या." लोणच्याले फेस येते का कधी? पण साहू भाभी भल्या, त्यांनी मान हलवली आणि स्वतः पोछा घेऊन आल्या.

रात्री तुमी मले साखरेचं विचारलं. मी खरं सांगतलं, वरून थोडी टाकली. "कावून?" तर म्हटलं, मी कोणाले एकदा वाढू? तुमच्या बाटलीत एकदा वाढू? तुमी आधी कपाळाले हात लावला, मग हसाले लागले ते थांबेनात. डोळ्यातून पाणी. म्हणे, "तुझ्या हाताले एकच वाढता येत नाही, तुले मी साखरेजवळ येऊ देणार नाही." आणि खरंच, त्यानंतर कधी येऊ दिलं नाही. इतक्या थंड्या गेल्या, बाटल्या धुवाले शोभा, नळी धराले शोभा, झाकणं उकळाले शोभा, साखर मात्र तुमच्या हातानं. मले राग यायचा बरं त्याचा.

आणि दर वर्षी पहिली बाटली उघडली की म्हणायचे, "एक घोट घेऊन पाहा." मी म्हणायची, "मले नको ती कडू." प्रत्येक वर्षी तुमी विचारलं. प्रत्येक वर्षी मी तेच म्हटलं. तुमी कधी जोर केला नाही आणि कधी विचारणं सोडलंही नाही. ह्याचंच वाईट वाटते मले आता. एक घोट घेतला असता तर काय झालं असतं?

ह्या थंडीत तुमी बादली लावली, त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट तुमाले सांगाले नको, पण मले सांगू द्या. मी चहा आणला. तुमी बादलीजवळ खुर्ची घेऊन बसले होते, कान लावून. झाकणावरच्या त्या नळीतून पहिला बुडबुडा आला, बुडुक. तुमी वर पाहिलं, आनंदानं तोंड नुसतं फुलून आलं होतं, म्हटलं, "सुरू झाली." मी म्हटलं, चहा घ्या आता. तुमी कप हातात घेतला. आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं झालं होतं. दुखलं नाही तुमाले, असं डॉक्टर म्हणाले. मी तोंड पाहिलं होतं, मले डॉक्टरले विचाराचीही गरज नव्हती.

पण तुमची बादली! तुमी गेले आणि ती सुरूच. घर माणसांनी भरलेलं, सगळे खाली मान घालून बसलेले, कोणी बोलून नव्हतं राहिलं, आणि कोपऱ्यातून बुडुक. पुन्हा बुडुक. तुमच्या मोठ्या भावानं, दादांनी, विचारलं, "हे काय आहे?" नितीन लाल झाला. मी म्हटलं, "पाण्याचा फिल्टर आहे, बिघडला आहे." दादांनी मान हलवली. मग जेव्हा जेव्हा बुडुक व्हायचं, ते म्हणायचे, "मेकॅनिक बोलवा रे कोणी." अहो, त्या दिवसांतही मले हसू येऊन राहिलं होतं. पदर तोंडाले लावला, लोकांले वाटलं रडून राहिली. रडतही होती. दोन्ही होतं.

खरं सांगू? त्या आवाजाची मले सोबत होती. तुमी सुरू करून दिलेलं काहीतरी घरात चालू होतं. मग तो हळूहळू कमी झाला, आणि एका सकाळी मी कान लावून बसली तर काहीच नाही. नितीन म्हटला, "आई, फेक देते हैं. अपने को आता नहीं, सड़ जाएगा." मी म्हटलं, दसवा होऊ दे, मग पाहू. मनात माझ्याही होतं की फेकावीच लागेल. मले साखरेजवळही येऊ दिलं नव्हतं कोणी.

दसव्याले शिवनाथ नदीच्या घाटावर काय झालं, ते मले नितीननं सांगतलं. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेला, पाहून राहिला, पण उतरेना. दादा म्हटले, "शोभाकडे आमी पाहू." कावळा जागचा हलला नाही. नितीन म्हटला, "बाबा, आईले मी एकटं ठेवणार नाही." कावळ्यानं मान फिरवली. कोणी घराचं म्हटलं, कोणी नातवाच्या शिक्षणाचं म्हटलं. भटजींनी दर्भाचा कावळा काढाले सुरुवात केली.

मेश्राम भाऊजी मागे उभे होते. रुआबांध्याहून सकाळीच स्कूटरनं आले होते. ते बौद्ध आहेत, त्यांच्या घरी ह्यातलं काहीच करत नाहीत, पण तुमचा तीस वर्षांचा दोस्त, म्हणून आले. ते पुढे झाले आणि अगदी शॉपमध्ये बोलायचे तसं मोठ्यानं म्हटले, "राऊत, मी हे मानत नाही, तुले माहीत आहे. पण ऐक. तुझी बादली फेकणार नाही. वहिनी बाटल्या भरतील, मी झाकणं लावीन, आणि आमी ती पिऊ. झालं?"

नितीन म्हणते, त्यांचं "झालं" संपायच्या आधी कावळा पिंडावर होता.

आता मले सांगा, मले न विचारता हा शब्द त्यांनी दिलाच कसा? वहिनी भरतील म्हणे! आणि तुमीही मुकाट उतरले. लेकाचा शब्द नको, भावाचा नको, बियरचा पाहिजे. मी भाऊजींले विचारलं, तुमी तर मानत नाही, मग बोलले कावून? ते म्हणे, "ऊन चढून राहिलं होतं वहिनी, म्हातारी माणसं उभी होती. कावळा आला तो योगायोग." पण हे म्हणताना ते माझ्याकडे पाहून नव्हते राहिले, बादलीकडे पाहून राहिले होते.

शब्द दिला तर दिला. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि भाऊजी झाकणांची पिशवी घेऊन हजर. म्हटलं, आता काय करायचं? तर म्हणे, "मले काय माहीत? मी तर फक्त पिणारा." तुमी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळं तुमच्या डोक्यात. नितीन मोबाईलवर शोधाले लागला, त्यात एक सांगे असं, दुसरा सांगे तसं.

मी बादलीचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि अहो, मले सगळं येत होतं. वास आंबट नव्हता, म्हणजे बरी आहे. खाली गाळ बसला होता, म्हणजे बादली हलवायची नाही. बाटल्या आधी उकळत्या पाण्यातून. नळी आधी पाण्यानं भरायची. भाऊजी नळी तोंडात धरून ओढणार होते, मी त्यांच्या हातावर फटका मारला. "तोंड लावलं तर सगळी नासेल!" हे मी नाही बोलली, तुमी बोलले. इतक्या वर्षांच्या पोळ्या लाटताना तुमचं ते सगळं पुराण माझ्या कानात जाऊन बसलं होतं, आणि मले वाटायचं मी ऐकतच नाही. नितीन म्हणे, "आई, तुझे ये सब कब से आता है?" म्हटलं, तुझ्या बापाले बडबडायची सवय होती म्हणून.

मग आली साखर.

डबा समोर, लहान चमचा हातात, बाटल्या ओळीनं उभ्या. पहिल्या बाटलीत एक चमचा टाकला. आणि माझा हात आपोआप डब्याकडे परत गेला. चमच्यात थोडी साखर आलीही. मग मी थांबली.

तेरवीच्या दिवशी तुमच्या पानावर मीच वाढलं होतं. भटजी म्हटले, एकदाच वाढा, तर एकदाच वाढलं. भात, वरण, तुमचं ते वांग्याचं भरीत. सगळे पाहून राहिले होते, मी एक थेंबही रडली नाही, जसं दुसऱ्या कोणाचं पान होतं. पण त्या बाटलीसमोर चमचा धरून मले समजलं की आता मले एकदाच वाढायचं आहे, आणि कोणाले वाढून राहिली ते मले माहीत आहे. मी तिथंच खाली फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली. नितीन धावत आला. भाऊजींनी त्याले हातानं थांबवलं. थोड्या वेळानं ते म्हटले, "वहिनी, मी टाकू का साखर?" म्हटलं, नाही. हे माझंच काम आहे.

चमच्यातली साखर डब्यात परत टाकली. मग प्रत्येक बाटलीत एकच चमचा टाकला, वरून काही नाही. भाऊजी झाकणं लावत गेले.

बाटल्या कोठीत ठेवल्या आणि मग सुरू झाला माझा घोर. फुटतील का? एवढ्या साखरेत फेस येईल का? पिऊन भाऊजींचं पोट बिघडलं तर? आणि खराब निघाली तर तुमची शेवटची म्हणून जी होती, ती माझ्या हातानं गेली, हे घेऊन मी कुठं जाऊ? तुमी होते तेव्हा मी ह्याच बाटल्यांले शिव्या द्यायची. आता रोज सकाळी पूजा झाली की कोठीत जाऊन एकेक बाटली उजेडात धरून पाहायची. साहू भाभींनी एकदा पाहिलं, तर म्हटलं, "लोणचं आहे." त्या म्हणे, "हो, तेच ते, फुटणारं." नितीन पुण्याहून फोन करे, "फूटा क्या?" म्हटलं, मुहूर्त पाहून बोल रे जरा.

एकही फुटली नाही.

आज नितीन आला, भाऊजी आले, त्यांच्या सुनंदावहिनीही आल्या, भजी घेऊन. साहू भाभींले मी स्वतः बोलावलं. म्हटलं, लोणचं उघडून राहिलो, या. त्या पिणार नव्हत्या, पण पाहाले आल्या. बैठकीत तुमचा फोटो आहे, हारातून तुमचा चश्मा दिसते. बाटली मी टेबलावर ठेवली. भाऊजींनी झाकण काढलं. फस्स असा आवाज झाला, जसा तुमाले आवडायचा, आणि फेस वर आला. येत गेला, येत गेला, मी पोछा हातात घेऊन उभी. बाटलीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथंच थांबला. एक थेंब सांडला नाही.

भाऊजींनी ग्लासात ओतली आणि माझ्यासमोर धरली. "पहिला घोट वहिनींचा."

मी घेतला. अहो, कडू आहे हो! इतकी कडू वस्तू तुमी दर वर्षी मले कावून पाजाले पाहत होते? मी तोंड वाकडं केलं, सगळे हसले. आणि मग, गिळून झाल्यावर, मागून हळूच माझं संत्रं आलं. गच्चीवर वाळवलेल्या सालीचा तोच वास. तुमी दर वर्षी हेच दाखवत होते का मले? मग नीट सांगाचं होतं ना, की शोभा, ह्यात तू आहेस. मी घेतला असता घोट.

भाऊजींनी डोळे मिटून प्यायली आणि म्हटले, "राऊतहून चांगली आहे." मी म्हटलं, खोटं बोलू नका, फोटोत ऐकून राहिले आहेत. मग ते म्हटले, "बरं, राऊतसारखीच आहे." तेवढं बस आहे मले.

आता एक गोष्ट सांगते. सगळ्यांचे ग्लास भरल्यावर मी तुमचा तो उंच काचेचा ग्लास काढला, पुसला, आणि फोटोसमोर ठेवून त्यात बियर ओतली. नितीन म्हटला, "बस आई, बाबा इतनीच लेते थे." मी बाटली खाली ठेवली. आणि मग पुन्हा उचलली, आणि वरून थोडी ओतली. फेस ग्लासावरून सांडला, टेबलावर आला, फोटोच्या चौकटीले लागला. साहू भाभी उठल्या पोछ्यासाठी, मी म्हटलं, राहू द्या. सुनंदावहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्यांले समजलं.

तुमच्या बादलीतला गाळ मी पुढच्या बादलीचं विरजण म्हणून काचेच्या बरणीत काढून ठेवला आहे, फ्रिजमध्ये, दह्याच्या मागे. नितीन त्याले ताक समजून पिणार होता, थोडक्यात वाचला. नलूताईले सांगून ठेवलं आहे, ह्या वर्षी संत्री जास्त पाठव. ती म्हणे, "जावईबापू नाहीत, आता कायले?" म्हटलं, पाठव तर.

तर ऐका, माझा शब्द आहे, आणि ह्याच्यासाठी कावळ्याले बोलवायची गरज नाही. दिवाळी झाली की बादली मी लावीन. तुमचा गंज घेईन, माझा नाही, तो महालक्ष्म्यांचाच राहील. बाटलीत साखर एकच चमचा टाकीन, कितीही हात वळवळला तरी. पण ग्लासात तुमाले मी दर वेळी दोनदा वाढीन, आणि ह्याच्यात तुमचं काही एक चालू देणार नाही.

तुमची,
शोभा